पंपिंग ६२ टक्के, तरी जिना चढवत नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात :

आईचं वय ६९, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. बीपी वीस वर्षांपासून, त्यासाठी दोन गोळ्या. मधुमेह दहा वर्षांपासून, शुगर आटोक्यात. गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी जवळपास रोज. गेल्या दीडेक वर्षात एक मजला चढायला मध्ये थांबावं लागतं, संध्याकाळी पाय सुजतात, रात्री दोन उशा लागतात. सुरुवातीला ‘वय आणि वजन’ असं उत्तर मिळालं. मग इनहेलर दिला, त्याने फरक पडला नाही. शेवटी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, त्यात पंपिंग ६२ टक्के आलं. एका हृदयरोगतज्ज्ञांनी ‘हृदय उत्तम आहे, वजन कमी करा’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी तोच रिपोर्ट पाहून ‘हार्ट फेल्युअर वाटतंय’ म्हटलं आणि दोन गोळ्या लिहून दिल्या : एक लघवीची आणि एक एम्पाग्लिफ्लोझिन. औषधाच्या दुकानात कळलं, की दुसरी गोळी शुगरची आहे. भावाचं म्हणणं, की पहिल्या डॉक्टरांचं ऐकावं, उगाच गोळ्या वाढवू नयेत. गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत. आई घाबरेल म्हणून तिला हार्ट फेल्युअरचं काहीच सांगितलेलं नाही. ती स्वतः तक्रार करत नाही, हल्ली घराबाहेर फारशी पडत नाही, त्यामुळे तसं बरं चाललं आहे. दोघांपैकी खरं कोण? आणि हृदय ६२ टक्के चालत असताना ते फेल कसं?

उत्तर :

नमस्कार. ‘ती तक्रार करत नाही, घराबाहेर फारशी पडत नाही, त्यामुळे तसं बरं चाललं आहे.’ तुमच्या पत्रातल्या याच वाक्यापाशी मी थबकले. तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे, पण मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. घराबाहेर पडलंच नाही तर दम लागणार कुठे? दम हळूहळू वाढत जातो तेव्हा माणूस डॉक्टरांकडे धावत नाही, तो एकेक काम सोडत जातो. आधी जिना, मग बाजार, मग कुणाकडे जाणं. घरच्यांना वाटतं वय झालं, आणि त्या माणसालाही तसंच वाटतं.

म्हणून आईला ‘दम लागतो का?’ असं विचारू नका, ती ‘नाही’ म्हणेल. ‘गेल्या वर्षी करायचीस आणि आता सोडून दिलंस असं काय काय आहे?’ असं विचारा. अंघोळ करताना मध्ये टेकावं लागतं का? चप्पल घालायला वाकलं की लगेच श्वास कोंडतो का? दोन उशा आधीपासून होत्या की एकीवरून दोनवर आली, आणि त्याला किती महिने झाले? रात्री झोपेतून गुदमरून उठून बसावं लागलं आहे का? लघवीला रात्री किती वेळा उठते? ही उत्तरं कागदावर लिहून काढा. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, शरीराला पुरेल असं काम त्याला सहज न जमणं. त्याचं निदान कुठल्याही एका रिपोर्टवर होत नसतं. रुग्णाला काय होतं, डॉक्टरांना तपासताना काय दिसतं आणि हृदयावर ताण असल्याचा काही पुरावा मिळतो का, हे तिन्ही एकत्र ठेवून ते करायचं असतं. त्यातला पहिला भाग फक्त आईकडे आहे, आणि तुमच्या सगळ्या धावपळीत तो नीट विचारला गेला असेल असं पत्रावरून वाटत नाही.

आता ६२ टक्क्यांविषयी. हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचला जातो, पण हृदय ६२ टक्के चांगलं आहे असा त्याचा अर्थ नाही. डावा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं, एवढंच तो सांगतो. साधारण ५५ ते ७० टक्के हे नेहमीचंच प्रमाण आहे. शंभर टक्के कुणाचंच नसतं. कप्पा नीट भरतो का, याबद्दल हा आकडा काही बोलत नाही. समजा, एका कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त मावतं आणि ६० बाहेर पडतं. दुसरा कप्पा जाड, ताठर झाला आहे. त्यात ८० मिलिलिटरच मावतं आणि ४८ बाहेर पडतं. दोन्ही रिपोर्टांवर ६० टक्केच छापून येईल.

आणि कमी मावणं हा त्रासाचा एक भाग झाला. अनेकदा खरा त्रास दाबाचा असतो. वर्षानुवर्षांचं बीपी, मधुमेह, जास्तीचं वजन आणि वय यांनी हृदयाचा स्नायू ताठर होतो. तो सहज सैलावत नाही, म्हणून त्याला भरण्यासाठी जास्त दाब लागतो. तो दाब मागे डाव्या कर्णिकेवर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यावर येतो, तिथून फुफ्फुसांतल्या शिरांवर, आणि माणसाला धाप लागते. बसल्या जागी हे सगळं निभावून जातं. जिना चढताना ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधली भरण्याची वेळ कमी होते, आणि दाब झपाट्याने चढतो. आडवं झाल्यावर पायांतलं रक्त छातीकडे परततं म्हणून उशा वाढतात. टूडी इको मात्र आपण रुग्णाला शांत झोपवून करतो! जिन्यावर जे घडतं ते टेबलावर दिसेलच असं नाही.

हार्ट फेल्युअर असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचं पंपिंग ५० टक्क्यांच्या वर असतं. हा प्रकार अपवादाचा नाही, आणि उतारवयातल्या, बीपी असलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये तर तो विशेष दिसतो. त्यांना दम लागला की ‘वय आणि वजन’ हे उत्तर फार लवकर दिलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वय आणि वजन हीच तर या आजाराची कारणं आहेत. ती दिसली की जास्त बारकाईने पाहायला हवं, आणि आपण मात्र तिथेच थांबतो.

पण म्हणून पहिले डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. मी आईंना तपासलेलं नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. पाय सुजण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी. ती खूप जणांना दिलेली असते आणि हृदय ठणठणीत असतानाही तिने घोटे सुजतात. आईच्या दोन गोळ्यांत ती आहे का ते पाहा. हिमोग्लोबिन कमी असेल तर दम लागतो. थायरॉइड बिघडलं तरी माणूस मंदावतो, सुजतो. मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील तर सूज येते, आणि दहा वर्षांच्या मधुमेहात ते तपासलेलं असायलाच हवं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा मधुमेहींमध्ये छातीत न दुखता केवळ धाप म्हणून समोर येऊ शकतो. नुसत्या वजनानेही दम लागतो, हेही खरं. तेव्हा ‘दोघांपैकी खरं कोण’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू या. पहिल्यांनी पंपिंग बरोबर आहे का याचं उत्तर दिलं, दुसऱ्यांनी आई का दमते याचं. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकतात.

संशय किती धरावा यासाठी एक मोजपट्टी आहे. २०१८मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ती मांडली, आणि पंपिंग चांगलं असूनही धाप लागणाऱ्यांसाठीच ती आहे. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ३०च्या वर असेल तर २ गुण, बीपीसाठी दोन किंवा जास्त गोळ्या असतील तर १, वय ६०च्या वर असेल तर १, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार असेल तर ३, इकोमध्ये फुफ्फुसाच्या धमनीतला दाब ३५च्या वर असेल तर १, आणि ‘ई बाय ई-प्राइम’ हा, कप्पा भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारा इकोतला आकडा ९च्या वर असेल तर १. एकूण ९ गुण. शून्य किंवा एक असेल तर शक्यता कमी, सहा किंवा जास्त असेल तर बरीच जास्त, मधल्यांना आणखी तपासण्या हव्यात. तुमच्या आईचा बॉडी मास इंडेक्स साधारण साडेबत्तीस येतो. म्हणजे तुमच्या पत्रावरूनच चार गुण झाले, इको न उघडता. हे निदान नव्हे. पण फाईल बंद करावी असाही हा आकडा नाही.

आता तो इकोचा रिपोर्ट पुन्हा बाहेर काढा. शेवटची ठळक ओळ सोडून वरचे बारीक आकडे डॉक्टरांना समजावून द्यायला सांगा. डावी कर्णिका मोठी झाली आहे का? तिचं आकारमान शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबात चौरस मीटरला ३४ मिलिलिटरच्या वर असेल, तर तिने बराच काळ जास्त दाब सोसला असण्याची शक्यता असते. भिंती जाड आहेत का? फुफ्फुसाच्या धमनीतला दाब किती? ‘ई बाय ई-प्राइम’ किती? बऱ्याच रिपोर्टांत हे लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. काहींत मोजलेलंच नसतं. तसं असेल तर इको पुन्हा करून घेण्यात गैर नाही, फक्त ‘डायस्टोलिक फंक्शन (म्हणजे हृदयाचं सैलावून भरण्याचं काम) सविस्तर हवं’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या.

भिंती जाड असतील तर आणखी एक विचारा. आईला दोन्ही हातांना मुंग्या येऊन कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात नस दबण्याचं दुखणं कधी झालं होतं का, त्याचं ऑपरेशन झालं आहे का? अमायलॉइड नावाचं प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचून तो ताठर होण्याचा एक आजार आहे, त्याची ही खूण असू शकते. तो आजार बीपीच्या मानाने फार कमी जणांना असतो, पण त्याचे उपचार वेगळे असतात, म्हणून विचारलेलं बरं.

रक्ताची एक तपासणी तुमच्या घरातला वाद बराच पुढे नेईल : एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हे द्रव्य रक्तात वाढतं. दवाखान्यात चालत आलेल्या माणसात ते मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच कमी होते. इथे दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. वजन जास्त असलेल्यांत हा आकडा मुळातच कमी येतो, त्यामुळे आईच्या बाबतीत १२५च्या थोडा खाली आला म्हणून संशय पुसला जात नाही. उलट उतारवय, मूत्रपिंडाचा त्रास आणि अनियमित ठोके यांनी तो हार्ट फेल्युअर नसतानाही वाढू शकतो. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी शुगर, आणि सोबत लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. ईसीजी झालाच असेल. मधूनमधून छातीत धडधडतं असं आई म्हणाली तर होल्टरही, म्हणजे २४ तास सलग घेतलेला ईसीजी. एवढं करूनही चित्र धूसर राहिलं तर व्यायाम करवून इको करतात, आणि क्वचित हृदयात नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजतात. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

गुडघ्यांच्या गोळीबद्दल मला जरा कळकळीने लिहायचं आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या गटातल्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि लघवीच्या गोळीचा परिणामही कमी करतात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने त्या टाळायच्या असतात. आईची रोजची गोळी यांपैकी असेल, तर सूज आणि दम यांतला काही भाग तिचाच असणं अगदी शक्य आहे. गंमत म्हणजे असं औषध प्रिस्क्रिप्शनच्या यादीत नसतं, कारण ते घरात ‘औषध’ म्हणून मोजलंच जात नाही. दोन्ही डॉक्टरांना ते माहीत होतं का? नसेल तर हे सगळ्यांत आधी सांगा. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, फिजिओथेरपी असे पर्याय आहेत. ते डॉक्टर ठरवून देतील. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटॅझोन असेल तर तेही विचारा, त्यानेही पाणी साचतं. स्वतःहून काही बंद करू नका, पण विचारायला महिना लावू नका.

आता त्या ‘शुगरच्या गोळी’विषयी. एम्पाग्लिफ्लोझिन आलं मधुमेहासाठी, हे खरं. पण त्या गटातली औषधं हार्ट फेल्युअरमध्ये उपयोगी पडतात, आणि मधुमेह नसलेल्यांनाही पडतात, हे पुढे मोठ्या चाचण्यांतून दिसलं. पंपिंग चांगलं असलेल्या रुग्णांसाठी तर त्याआधी ठाम असं फारसं काही हाती नव्हतं. २०२१मध्ये एम्परर-प्रिझर्व्ड या चाचणीचे निष्कर्ष आले. जवळपास ६,००० रुग्णांना सरासरी दोनेक वर्षं पाहिलं, तेव्हा हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती यांपैकी काहीतरी घडलेल्यांचं प्रमाण शंभरात साधारण १७ होतं, ते एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत १४च्या आसपास आलं. पुढच्या वर्षी डॅपाग्लिफ्लोझिनच्या डिलिव्हर चाचणीतही तसंच दिसलं. हा फायदा मुख्यतः भरती टळण्यात आहे. चमत्कार नाही, पण खरा आहे, आणि ज्या आजारात भरती पुन्हा पुन्हा होऊ शकते तिथे तो छोटा नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. आईला मधुमेह आहेच. पहिले डॉक्टर पूर्ण बरोबर असले आणि हृदयाचं काहीच नसलं, तरी तिच्यासारख्या मधुमेही रुग्णाला या गटातली गोळी देणं बहुधा योग्यच ठरेल. म्हणजे या एका गोळीसाठी तरी निदानाचा वाद मिटायची वाट पाहायला हवी असं नाही. मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून आणि आधीच्या शुगरच्या औषधांचा मेळ घालून ती सुरू करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर शुगर फार उतरू नये म्हणून त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो. या औषधाने लघवीवाटे साखर जाते, त्यामुळे लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, तिला घाबरू नका. जननेंद्रियाजवळ खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आई तुम्हाला ते सांगायला लाजेल, म्हणून तुम्हीच आधी सांगून ठेवा. उलट्या, जुलाब, किंवा काहीच खाल्लं जात नसेल अशा दिवशी ही गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर ती किमान ३ दिवस आधी बंद करायची असते, हे शल्यचिकित्सकांच्या कानावर घाला.

लघवीच्या गोळीचं काम वेगळं आहे. ती साचलेलं पाणी काढते, आराम देते, आजार बदलत नाही. पाणी साचलेलं असेल तर काही दिवसांत उशा कमी होतील, वजन उतरेल, आणि तोही निदानाला एक आधार होईल. पाणी साचलेलंच नसेल तर तिने चक्कर येईल, क्रिएटिनिन वाढेल. म्हणून ती ‘देऊन तर बघू’ म्हणून नको, डॉक्टरांनी मानेच्या शिरा, फुफ्फुसं, पाय तपासून द्यायला हवी, आणि एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम-क्रिएटिनिन पुन्हा पाहायला हवं.

तेव्हा तुमच्यापुढचे रस्ते असे. भाऊ म्हणतो तसं थांबणं हा एक. ‘उगाच गोळ्या नकोत’ ही त्याची भावना मला समजते, आणि सरसकट चुकीचीही वाटत नाही. पण दीड वर्ष तुम्ही थांबलाच आहात, आणि त्या काळात आईचा त्रास काही कमी झालेला नाही. दुसरा रस्ता म्हणजे तिसऱ्या तज्ज्ञांकडे जाणं. अपुऱ्या माहितीवर तिसरं मत मिळेल एवढंच, म्हणून मी तसं आत्ता सुचवणार नाही. माझा कल असा आहे : या आठवड्यात रक्त तपासून घ्या, इकोचे सगळे आकडे, गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या (वेदनाशामकासकट) आणि आईने सांगितलेलं सगळं लिहिलेला कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे परत जा. त्यांना नम्रपणे विचारा, ‘तुम्हाला हे हार्ट फेल्युअर का वाटतं आणि कशामुळे तुमचं मत बदलेल?’ चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. भावाला सोबत न्या. त्याने प्रत्यक्ष ऐकलेलं बरं.

आणि आईला सोबत न्याल तेव्हा तिला माहीत असू द्या, की कशासाठी आलो आहोत. तुम्ही तिच्यावरच्या प्रेमापोटी लपवलं, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्या बाजूने पाहा. रिपोर्ट चांगला आला असं तिला सांगितलं गेलं, तरी जिना चढवत नाही. मग ती काय समजत असेल? आपलंच मन कमकुवत झालं, आपण आळशी झालो, आता हे असंच. दम लागण्याला कारण आहे आणि त्यावर उपाय आहेत, हे कळणं अशा माणसाला धक्का देण्यापेक्षा धीर देण्याची शक्यता जास्त. शिवाय या आजारात रुग्णाच्या हातात फार काही असतं : वजन पाहणं, मिठावर लक्ष ठेवणं, सूज ओळखणं, गोळी न चुकवणं. ज्याचं नावच माहीत नाही त्यासाठी माणूस रोज एवढं का करेल?

सांगायचं कसं, तर तुमच्या घरच्या भाषेत. ‘आई, तुझं हृदय थांबलेलं नाही, थांबणारही नाहीये लगेच. ते जोरात दाबतंय, पण सैल होताना कुरकुर करतंय, म्हणून फुफ्फुसावर दाब येतो आणि तुला दम लागतो. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि ते नक्की तेच आहे का ते आपण तपासतोय.’ हे नाव तुम्ही सांगितलं नाहीत तर ती एखाद्या कागदावर एकटीच वाचेल. तिने विचारलं, ‘बरं होईल का?’ तर खोटं बोलू नका. हा आजार बहुतेकांना कायमचा सोबत राहतो आणि तो गंभीर आहे. पण नीट उपचारांनी दम कमी होतो, भरती टळते, आणि सोडलेली बरीच कामं परत हाती येतात.

निदान पक्कं झालं तर रोजचं काय? सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तशाच कपड्यांत वजन करायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते पाणी आहे, त्या दिवशीच डॉक्टरांना फोन. मीठ कमी, वरून घ्यायचं तर नकोच. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पाणी मोजून प्यायची सक्ती सगळ्यांना नसते, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच. बीपी १३०/८०च्या खाली राहील असं बघायचं. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर त्याचीही तपासणी करा, कारण ते बीपी आणि हृदय दोन्ही बिघडवतं. फ्लू आणि न्यूमोकॉकलची लस घ्या.

आणि चालणं. दम लागतो म्हणून आईला बसवून ठेवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की बोलता येईल इतक्याच वेगाने, सपाटीवर, पाच मिनिटांपासून सुरुवात करा. या प्रकारच्या हार्ट फेल्युअरमध्ये नियमित व्यायामाने दम आणि ताकद दोन्ही सुधारल्याचं दिसलं आहे. वजन उतरल्यानेही फरक पडतो. सेमाग्लुटाइडसारख्या नव्या औषधांनी वजनाबरोबर अशा रुग्णांचा त्रासही कमी झाल्याचं २०२३ साली दिसलं, आणि फिनेरेनोन नावाचं औषधही २०२४पासून चर्चेत आहे. आईला ती योग्य आहेत का हा पुढचा प्रश्न. पहिल्या भेटीत सगळं एकदम मागू नका.

हे वाचणाऱ्या काहींच्या घरी उलट रिपोर्ट असेल, पंपिंग २५ किंवा ३५ टक्के. त्यांच्यासाठी वरचं बरंचसं लागू आहे, पण औषधांची गोष्ट निराळी. ४० किंवा त्याहून कमी पंपिंगमध्ये चार गटांची औषधं, सोसतील तितकी आणि शक्य तितक्या लवकर, सुरू करायची असतात : सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा रॅमिप्रिलसारखं एक, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यांनी आयुष्य वाढतं, हे अनेक चाचण्यांत सिद्ध झालं आहे. चारांपैकी एखादं नसेल तर का नाही, हे डॉक्टरांना विचारा. बीपी कमी, पोटॅशियम जास्त अशी रास्त कारणं असू शकतात. आणि वर्षभराने पंपिंग ५० वर आलं, बरं वाटू लागलं, म्हणून गोळ्या बंद करू नका. टीआरईडी-एचएफ नावाच्या एका छोट्या चाचणीत बऱ्या झालेल्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली हळूहळू थांबवून पाहिली, तर सहा महिन्यांत शंभरात ४४ जणांचा आजार उलटला. औषधं चालू ठेवलेल्यांत त्या काळात कुणाचाच उलटला नाही.

शेवटी, थांबायचं नाही असे काही क्षण. बसल्या जागी धाप लागणं, आडवं होताच न येणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळसर होणं, गुलाबी फेसाळ कफ येणं, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं. यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंट, रिपोर्ट, कुणाचं मत बरोबर हे सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, आणि तिथे आईच्या चालू गोळ्यांची यादी द्या. ती यादी आज रात्रीच करून तुमच्या आणि भावाच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. एनटी-प्रोबीएनपी आणि इकोचे आकडे हाती आले, की मला पुन्हा लिहा.